'वेळेवर' या शब्दाचा हिशोब: फॅक्टर एचच्या एका पेपरचं वाचन

कॉम्प्लिमेंट आणि किडनी या विषयात संशोधन करायचं ठरवलेले बहुतेक जण सुरुवात रिव्ह्यू पेपरने करतात. रिव्ह्यूत एक रंगीत आकृती असतेच. वरून येणाऱ्या तीन वाटा, मध्ये सी३, खाली पेशीला भोक पाडणारं प्रथिनांचं कडं, आणि हल्ली प्रत्येक बाणाला चिकटलेलं एखाद्या औषधाचं नाव. आकृती दोन दिवसांत पाठ होते आणि विषय कळल्यासारखं वाटतं. मुलाखतीत मात्र 'हे कशावरून?' असा प्रश्न आला की गाडी अडते. म्हणून मी उलटं सुचवते: एकच मूळ पेपर घ्या आणि आठवडाभर त्याच्याशी भांडा.

माझी निवड आहे २०१४ साली 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये आलेला, दिल्लीच्या एम्समधल्या अदिती सिन्हा, अरविंद बग्गा आणि सहकाऱ्यांचा पेपर. विषय आहे फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन लहान मुलांना होणारा एचयूएस, म्हणजे हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यांतून जाताना लाल पेशींचे तुकडे होतात, प्लेटलेट खाली येतात आणि किडनी बंद पडते. शीर्षकाचा मराठीत सारांश असा: तातडीने केलेलं प्लाझ्मा एक्सचेंज आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी मुलांची प्रकृती सुधारते. या शीर्षकात दोन शब्द वजनदार आहेत, 'तातडीने' आणि 'सुधारते'. पेपर मला मोलाचा वाटतो, तरी या दोन शब्दांचं वजन त्याच्या पुराव्याला पेलतं का, हे तपासायलाच हवं.

आधी रोगाची यंत्रणा. कॉम्प्लिमेंटच्या तीन वाटांपैकी 'अल्टरनेटिव्ह' नावाची वाट कधीच पूर्ण बंद नसते. रक्तातलं सी३ काहीही कारण नसताना थोडंथोडं आपोआप सक्रिय होत राहतं. सक्रिय झालेला तुकडा पेशीवर बसला की तो आणखी सी३ तोडणारं एन्झाइम बनवतो, ते आणखी तुकडे पाडतं, आणि गुणाकार सुरू होतो. जंतूवर हे व्हायलाच हवं, आपल्या पेशीवर होता कामा नये. तारापूर एमआयडीसीच्या आसपास वाढलेल्यांना मी हे रिअॅक्टरच्या उदाहरणाने सांगते. उष्णता सोडणारी रिअॅक्शन असेल तर ती सुरू करणं सोपं असतं, सगळा खेळ कूलिंगचा असतो. कूलिंग थांबलं की तापमान वाढतं, तापमानाने रिअॅक्शनचा वेग वाढतो, वेगाने तापमान आणखी वाढतं. फॅक्टर एच म्हणजे ते कूलिंग. उदाहरण एका जागी तोकडं पडतं, आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे: रिअॅक्टर एकच असतो, शरीरात मात्र प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागाला वेगळं कूलिंग लागतं. फॅक्टर एच रक्तात नुसतं तरंगून भागत नाही. त्याच्या शेपटाकडच्या टोकाने त्याला पेशीचा पृष्ठभाग पकडता आला पाहिजे.

मग किडनीच का? एक तर किडनीतून सतत प्रचंड रक्त वाहतं. दुसरं, तिथल्या गाळणीच्या केशवाहिन्यांचं अस्तर छिद्रांचं आहे. आणि त्या अस्तराखालच्या पडद्याला स्वतःचे, पेशीला असतात तसे, अंगभूत ब्रेक नाहीत. तो पूर्णपणे रक्तातून आलेल्या फॅक्टर एचवर अवलंबून असतो. घरात इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्याचं सगळ्यात आधी कळतं, तसंच हे.

आता पेपर. अनेक केंद्रांतली १३८ मुलं, सगळ्यांत फॅक्टर एचविरुद्धची प्रतिपिंडं सापडलेली. तपासलेल्या एचयूएसच्या मुलांत त्यांचं प्रमाण ५६ टक्के. हा आकडा वाचून थांबायला हवं, कारण २००५ साली फ्रान्समधून ही प्रतिपिंडं पहिल्यांदा कळवली गेली तेव्हा ती ४८ पैकी ३ मुलांत होती. युरोपात किरकोळ वाटणारं कारण भारतात निम्म्याहून जास्त मुलांत निघतं. 'आपल्या केंद्राकडे कठीण केसेसच येत असतील' अशी शंका तुम्ही घ्याल, आणि घ्यायलाच हवी. पण २०१९ मध्ये देशभरातल्या नोंदींवर आलेल्या पेपरातही ७८१ पैकी ४३६, म्हणजे पुन्हा ५६ टक्क्यांच्या आसपासच आकडा आला. माझ्या मते पहिल्या पेपरचं सगळ्यात टिकाऊ योगदान हेच आहे, आणि गंमत म्हणजे शीर्षकात त्याचा उल्लेखही नाही.

दुसरी भक्कम गोष्ट एका छोट्या वाक्यात आहे, आणि बहुतेक वाचक ते वाक्य ओलांडून जातात. प्रतिपिंडांचं प्रमाण जितकं जास्त तितकं रक्तातलं सी३ कमी, पण फॅक्टर एचच्या पातळीशी प्रतिपिंडांचा असा संबंध नाही. म्हणजे प्रतिपिंडं फॅक्टर एच संपवून टाकत असावीत, हा सोपा तर्क इथे लंगडा पडतो. ब्रेक गाडीत आहे, पण चाकाला टेकत नाही. शेपटाकडचा भाग झाकला गेला की पातळी नॉर्मल राहूनही संरक्षण जातं, आणि सी३ खर्च होत राहतं. लॅबचा 'फॅक्टर एच नॉर्मल' असा रिपोर्ट बघून निश्चिंत होणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

तिसरी गोष्ट वेळेची. प्लाझ्मा एक्सचेंजनंतर प्रतिपिंडं खाली गेली आणि रोग उलटला तेव्हा पुन्हा चढली. बायोप्सीत सी३ चमकताना दिसणं यापेक्षा ही पुराव्याची फार वरची पायरी आहे. कॉम्प्लिमेंटच्या क्षेत्रात 'हजर' आणि 'जबाबदार' यांत गल्लत सर्रास होते. किडनीला कुठलीही इजा झाली की तिथे सी३ सापडू शकतं. आग लागली की तिथे बंबही असतो, म्हणून बंबाने आग लावली असं होत नाही. आयजीए नेफ्रोपथी बघा. तिथे लेक्टिन वाटेची प्रथिनं बायोप्सीत सापडतात, आणि ज्यांच्यात सापडतात त्यांचा आजार जास्त गंभीर असतो, असं अनेकांनी दाखवलं. त्यावरून लेक्टिन वाटेतलं एन्झाइम अडवणारं नार्सोप्लिमॅब मोठ्या चाचणीत उतरलं आणि २०२३ मध्ये मूत्रातलं प्रथिन कमी करण्यात प्लासिबोच्या पुढे जाऊ शकलं नाही. त्याच आजारात अल्टरनेटिव्ह वाटेतला फॅक्टर बी अडवणारं इप्टाकोपॅन मात्र चाललं, आणि २०२४ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आकृतीत दोन्ही बाण सारख्याच जाडीचे असतात.

जनुकाच्या बाबतीत मात्र हात जरा आखडता घ्यावा. सीएफएचआर१ हे जनुक दोन्ही प्रतींतून गायब असणं ६८ पैकी ६० मुलांत आढळलं. सेमिनारमध्ये हे '८८ टक्के भारतीय मुलांत' असं सांगितलं जातं. छेद १३८ नाही, ६८ आहे. बाकी ७० जणांची ही तपासणी या आकड्यात नाही, आणि कोणाची झाली, कोणाची नाही, हे योगायोगानेच ठरलं असेल असं मानायला आधार लागतो. शिवाय ही उणीव निरोगी माणसांतही सापडते, आफ्रिकेतल्या काही लोकसमूहांत तर खूपच जास्त. म्हणजे ती जमीन तयार करते. बी कुठून पडतं, हा प्रश्न खुला आहे, आणि तुमच्यापैकी कोणी त्याच्या मागे लागणार असेल तर मला आनंदच आहे.

इथपर्यंत मी पेपरच्या बाजूने. आता उपचारांकडे वळू.

१०५ मुलांना प्लाझ्मा एक्सचेंज मिळालं, ८७ मुलांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. दोन्ही मिळालेल्यांची किडनी जास्त टिकली, आणि हिशोब असा की दर २.६ मुलांवर उपचार केले की एकाचा वाईट शेवट टळतो. वाईट शेवट म्हणजे मृत्यू किंवा किडनीचा चौथ्या-पाचव्या टप्प्याचा आजार. तीन महिन्यांत तो ३६ मुलांच्या वाट्याला आला होता. २.६ हा आकडा वैद्यकशास्त्रात जवळजवळ चमत्काराच्या पातळीचा आहे. म्हणूनच तो कुठून आला ते बघायचं.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. मग ज्या ३३ मुलांना प्लाझ्मा एक्सचेंज मिळालं नाही ती कोण? त्या दवाखान्यात मशीन नसेल. मानेतून किंवा मांडीतून जाड कॅथेटर टाकणारं माणूस रात्री नसेल. घरच्यांकडे पैसे नसतील. मूल इतकं खालावलेलं असेल की डॉक्टरांनी हिंमत केली नसेल. यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उपचार सोडूनही मुलाचं नुकसान करते. दुसरा प्रश्न थोडा सूक्ष्म आहे. दोन्ही उपचार 'पूर्ण' मिळालेल्यांच्या गटात बसायचं असेल तर मूल काही दिवस जगायला हवं. तिसऱ्या दिवशी गेलेलं मूल आपोआप 'उपचार न मिळालेल्या' रकान्यात पडतं, आणि उपचारांचं पारडं फुकटात जड होतं. साथीशास्त्रात याला 'इमॉर्टल टाइम'चा दोष म्हणतात. या प्रकारचा कुठलाही पेपर हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: मूल कोणत्या गटात, हे कितव्या दिवशी ठरलं? मल्टिव्हेरिएट विश्लेषण केलंय हे त्याचं उत्तर होत नाही. ज्या गोष्टी मोजल्या त्यांचाच हिशोब ते विश्लेषण करू शकतं.

रोग उलटण्याबद्दलचा दावा तर आणखी नाजूक पायावर उभा आहे. मेंटेनन्सच्या औषधांनी रोग उलटण्याचा धोका लक्षणीय घटला, असं पेपर म्हणतो. पण १२२ मुलांत रोग उलटल्याच्या घटना आहेत १४. चौदांपैकी दोन-तीन इकडच्या तिकडे झाल्या की चित्र बदलू शकतं. 'लक्षणीय' हा शब्द दिसला की आधी घटना मोजायच्या, मग पी-व्हॅल्यू बघायची.

आणि ८००० एयू प्रति मिली ही धोक्याची रेषा. एयू म्हणजे आर्बिट्ररी युनिट, त्या लॅबच्या प्रमाण-नमुन्याच्या तुलनेत मोजलेलं एकक. तोच प्रमाण-नमुना नसेल तर दुसऱ्या लॅबच्या ८००० ला तोच अर्थ राहत नाही. या पेपरातली सरासरीच ७०५४ आहे, म्हणजे रेषा गर्दीच्या मध्यातून जाते. ती जपूनच वापरायची.

मग चाचणी का केली नाही, असा प्रश्न ऐटीत विचारणारे असतात. दुर्मीळ आजार, मुलं आयसीयूत, प्रतिपिंड डोळ्यांसमोर, ते काढून टाकायचं साधन हाताशी, आणि निम्म्या पालकांना चिठ्ठी टाकून सांगायचं की तुमच्या मुलाचं काढणार नाही? मला ते जमलं नसतं. सी५ अडवणारं एक्युलिझुमॅब त्या काळात भारतात सहज मिळत नव्हतं, आणि त्याचा वर्षाचा खर्च डॉलरमध्येही लाखांत जातो. त्यामुळे हाताशी होती ती जुनी, पेटंट संपलेली औषधं: प्रेडनिसोलोन, सायक्लोफॉस्फामाइड, अॅझाथायोप्रिन. त्यांच्यावर एवढी मुलं जमवून, प्रतिपिंडं मोजून लिहिलेला पेपर श्रीमंत देशांतून येणं अवघड होतं. माझा निवाडा असा: उपचारांची दिशा बरोबर, कारण यंत्रणा तिला दुजोरा देते. २.६ या आकड्यावर मात्र विसंबू नये.

उरला 'तातडीने'. प्लाझ्मा एक्सचेंजला झालेला उशीर हा वाईट शेवटाचा स्वतंत्र धोका-घटक निघाला. पेपरमध्ये हे वाचताना उशीर म्हणजे सी३सारखीच मुलाच्या अंगची एक गोष्ट असल्यासारखी वाटते. मी बोईसरची आहे, त्यामुळे मला तिथे नकाशा दिसतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरचं मूल आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, मग पालघर-बोईसरच्या एखाद्या खासगी दवाखान्यात, आणि शेवटी मनोर-घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून मुंबईला. तलासरी-डहाणूकडची माणसं सिल्वासा, वापी, वलसाड धरतात. बोईसर ते मुंबई शंभरेक किलोमीटर. पण उशीर किलोमीटरने होत नाही, प्रत्येक टप्प्यावर चुकीचं नाव चिकटण्याने होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे ताप, घसरलेल्या प्लेटलेट आणि वाढलेलं क्रिएटिनिन दिसलं की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो ही नावं आधी येतात, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असतात. घोणस चावलेल्या रुग्णातही रक्ताचं असंच चित्र दिसू शकतं. या गर्दीत एचयूएसचं मूल हरवायला वेळ लागत नाही.

यातून पेपरच्या आकड्यांबद्दल एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. १३८ पैकी ११९ मुलांना डायलिसिस लागलं. हा आजारच इतका उग्र आहे म्हणून, की मोठ्या केंद्रापर्यंत पोचणारी मुलं पोचेपर्यंत त्या अवस्थेला आलेली असतात म्हणून? आणि वाटेतच गेलेली मुलं कुठे मोजली? ती कुठल्याच रकान्यात नाहीत. सौम्य आजार होऊन, डेंग्यूच्या नावाखाली आपोआप सावरलेलीही नाहीत. दोन्ही टोकं कापलेल्या पट्टीवर उशिराचा परिणाम मोजला गेला आहे. उशीर खरोखर किती महाग पडतो, हे आपल्याला या पेपरपेक्षा कमी किंवा जास्त, कसंही निघू शकतं. लेखकांचा यात दोष नाही. पण 'तातडीने' हा शब्द शीर्षकात गेला की वाचणारा तो डॉक्टरांच्या चपळाईबद्दलचा समजतो, आणि पाड्यापासून मशीनपर्यंतच्या वाटेबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

आणि तो विचारता येण्यासारखा आहे, तोही महागड्या लॅबशिवाय. मलेरियासाठी काढलेल्या रक्ताच्या पातळ स्मिअरवरच लाल पेशींचे तुकडे दिसतात. काच तीच, सूक्ष्मदर्शक तोच, बघणाऱ्याच्या डोळ्यांना फक्त दुसरा प्रश्न माहीत हवा. जिथे काचेची जागा रॅपिड किटने घेतली तिथे मलेरियाचं निदान झटपट होतं, पण ही संधी जाते. प्लेटलेट कमी आणि क्रिएटिनिन जास्त असलेल्या किती मुलांच्या स्मिअरवर तुकड्यांची नोंद झाली, ती मुलं पुढे कुठे गेली, हा एका छोट्या जिल्ह्यापुरता, जुन्या नोंदींवर करता येणारा अभ्यास आहे. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन युनिट आहे आणि सर्पदंशावर तिथून असंच, जमिनीवरचं काम झालेलं आहे. संशोधन म्हणजे पेशी-संवर्धन आणि जीन एडिटिंग एवढंच डोक्यात असेल तर हा विषय फिका वाटेल. मला तो प्रस्तावात लिहिल्या जाणाऱ्या निम्म्या विषयांपेक्षा सरस वाटतो.

रेणूंचंच वेड असेल तर त्याचीही गोष्ट जवळची आहे. १९९६ मध्ये अरविंद साहू, ब्रायन के आणि जॉन लॅम्ब्रिस यांनी अमेरिकेत फाजच्या पृष्ठभागावर मांडलेल्या असंख्य पेप्टाइडांतून सी३ला चिकटून त्याला अडवणारं एक शोधून काढलं. त्याचं नाव कॉम्पस्टॅटिन. साहूंनी पुढे पुण्याच्या एनसीसीएसमध्ये अनेक वर्षं कॉम्प्लिमेंटवर काम केलं, त्यात विषाणू आपल्या कॉम्प्लिमेंटला गुंगारा कसा देतात हेही आलं. कॉम्पस्टॅटिनवरून घडवलेलं पेगसेटाकोप्लॅन २०२१ मध्ये अमेरिकेत एका रक्तविकारासाठी मंजूर झालं, आणि जुलै २०२५ मध्ये सी३ ग्लोमेरुलोपथीसाठी. हा अल्टरनेटिव्ह वाटेचा ब्रेक सुटल्यानेच होणारा किडनीचा आजार. तिथे मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, प्लासिबो होता, आणि सी३ अडवल्यावर मूत्रातलं प्रथिन उतरलं. 'हजर' आणि 'जबाबदार' यांतलं अंतर तिथे ओलांडलं गेलं. पेप्टाइड सापडल्यापासून किडनीसाठी मंजुरीपर्यंत २९ वर्षं लागली.

सिन्हा आणि बग्गा यांचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा आधी सारांश झाका आणि तक्ते बघा. प्रत्येक टक्केवारीशेजारी तिचा छेद पेन्सिलने लिहा. मग पद्धतींचा भाग, मग निष्कर्ष. सारांश सगळ्यात शेवटी.